फाईल एक्सप्लोरर मध्येच का अडकतो? तो कोणाची वाट बघतो आहे, ते आधी शोधावे

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा थांबवला. त्यानंतर कोल्हापुरातल्या कार्यालयांत, फोटो स्टुडिओंत आणि घरांत विंडोज ११ टाकावे की नवा कॉम्प्युटरच घ्यावा, याची चर्चा सुरू झाली. या चर्चेत एक तक्रार हमखास ऐकू येते. फोल्डर उघडायला गेले की खिडकी दोन-चार सेकंद थिजते, माउसचा बाण फिरतो पण क्लिक लागत नाही, आणि मग काही घडलेच नव्हते अशा रीतीने सारे पुन्हा सुरळीत चालू लागते. जुन्या विंडोजवर हे होते, नव्यावरही होते आणि महागड्या मशीनवरही होते. त्यावर मिळणारा सल्ला मात्र ठरलेला असतो : रॅम वाढवा, फॉरमॅट मारा, नाहीतर मशीन बदला. हे तिन्ही उपाय खर्चाचे किंवा त्रासाचे आहेत, आणि पुष्कळदा मूळ कारणाशी त्यांचा काहीही संबंध नसतो. कारण बहुतेक वेळा सापडण्यासारखे असते आणि ते शोधायला इंजिनिअर असावे लागत नाही, म्हणून हा विषय मुळापासून समजून घेणे उपयोगाचे आहे.

## पिवळ्या फोल्डरांमागचा प्रोग्राम

आपण फोल्डर उघडतो तेव्हा जी खिडकी दिसते, ती दाखवणाऱ्या प्रोग्रामचे नाव फाईल एक्सप्लोरर. हाच प्रोग्राम विंडोजमध्ये खालची टास्कबार आणि डेस्कटॉपवरची चिन्हेही सांभाळतो. त्यामुळे तो अडकला की कधी कधी स्टार्टचे बटणही दाबले जात नाही आणि सगळा कॉम्प्युटरच बंद पडल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात शेजारी उघडलेले वर्ड किंवा टॅली व्यवस्थित चालू असले तरी.

कोणत्याही प्रोग्राममध्ये कामाचे अनेक धागे एकाच वेळी चालू शकतात. त्यांना थ्रेड म्हणतात. त्यांपैकी आपले क्लिक आणि कळा घेणे, खिडकी रंगवणे हे काम एका मुख्य थ्रेडकडे असते. लक्ष्मीपुरीतल्या एखाद्या घाऊक धान्याच्या दुकानाचा विचार करावा. गल्ल्यावर एकच माणूस बसलेला आहे आणि माल मागच्या गोदामात आहे. गोदामात जायला हमाल असले, तर गल्ल्यावरचा माणूस गिऱ्हाइकाशी बोलत राहतो. पण एखाद्या वेळी तो स्वतःच उठून गोदामात गेला आणि तिथे दाराची किल्ली येईपर्यंत थांबून राहिला, तर बाहेर उभ्या असलेल्यांना दुकान बंद पडल्यासारखेच वाटणार. एक्सप्लोररचा मुख्य थ्रेड स्वतः डिस्ककडे, नेटवर्ककडे किंवा दुसऱ्या कंपनीच्या एखाद्या जोडभागाकडे उत्तर मागायला जातो आणि उत्तर येईपर्यंत परतत नाही, तेव्हा नेमके हेच होते.

एखाद्या खिडकीने ५ सेकंदांपर्यंत आपल्याकडे आलेले संदेश वाचले नाहीत, तर विंडोज तिला अडकलेली समजते, तिच्यावर फिकट पांढरी छटा आणते आणि शीर्षकात ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असे लिहिते. दोन-तीन सेकंदांचा थांबा या मर्यादेच्या आतच संपतो, त्यामुळे त्याची कोणतीही सूचना येत नाही आणि सहसा कुठे नोंदही राहत नाही. छोट्या अडथळ्यांचा माग काढणे अवघड जाते ते यामुळे. निरीक्षण आपल्यालाच करावे लागते.

## मंद असणे वेगळे, थांबून राहणे वेगळे

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. तो आधीच उघडा ठेवावा आणि एक्सप्लोरर अडकेल तेव्हा त्यातील सीपीयू, मेमरी व डिस्क यांचे आकडे पाहावेत. सीपीयू शंभर टक्क्यांजवळ असेल, किंवा मेमरी जवळजवळ पूर्ण भरलेली असेल, तर मशीनवर खरोखरच कामाचा ताण आहे आणि रॅम वाढवण्याचा सल्ला विचार करण्याजोगा आहे. परंतु सीपीयू चार-पाच टक्क्यांवर निवांत आहे, मेमरी अर्धी मोकळी आहे आणि तरीही खिडकी थिजलेली आहे, असे दिसले तर प्रोग्राम काम करत नसून वाट पाहत आहे. अशा मशीनमध्ये ८ जीबीची १६ जीबी रॅम केली तरी तो थांबा तेवढाच राहतो, कारण ज्याच्याकडून उत्तर यायचे आहे त्याचा वेग रॅमने बदलत नाही.

थांबा दहा-पंधरा सेकंदांचा असेल, तर टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ भागात एक्सप्लोररच्या ओळीवर राइट क्लिक करून ‘अ‍ॅनलाइज वेट चेन’ निवडता येते. एक्सप्लोरर दुसऱ्या एखाद्या प्रोग्राममुळे खोळंबला असेल, तर त्याचे नाव तिथे दिसू शकते. प्रत्येक वेळी दिसेलच असे नाही, पण पाहायला पैसे लागत नाहीत.

## कोणत्या कृतीनंतर अडकतो, हे टिपून ठेवावे

निदानाचा सर्वांत उपयोगी भाग कागद आणि पेनाने होतो. एक्सप्लोररची पहिली खिडकी उघडतानाच थांबा येतो का? ठरावीक फोल्डरमध्ये शिरल्यावर येतो का? राइट क्लिक केल्यावर येतो का? कॉम्प्युटर अर्धा तास नुसता पडून राहिल्यानंतरच्या पहिल्या क्लिकला येतो का? की कुठेही, कधीही, काही लयीशिवाय येतो? या प्रत्येक उत्तराचा रोख वेगळ्या कारणाकडे असतो. दोन-तीन दिवस नोंद ठेवली, तर सहसा एकच कृती पुन्हा पुन्हा समोर येते, आणि पुढचा शोध तिच्यापुरता करावा लागतो.

## पहिलीच खिडकी उघडायला वेळ लागत असेल तर

एक्सप्लोरर उघडताच वारंवार लागणारे फोल्डर, नुकत्याच वापरलेल्या फायली आणि डाव्या बाजूच्या सगळ्या ड्राइव्ह दाखवायला लागतो. त्यांपैकी एखादी जागा आता अस्तित्वातच नसेल, तर ती सापडते का हे पाहण्यातच वेळ जातो.

लहान कार्यालयांमध्ये याचे सर्वांत सामान्य कारण नेटवर्क ड्राइव्ह हे असते. करसल्लागाराच्या कार्यालयात एका मुख्य कॉम्प्युटरवरचा फोल्डर शेअर केलेला असतो आणि बाकीच्या मशीनवर तो ‘झेड’ किंवा तशाच एखाद्या अक्षराने ड्राइव्ह म्हणून जोडलेला असतो. मुख्य कॉम्प्युटर बंद असला, किंवा राउटर बदलल्यामुळे त्याचा पत्ता बदलला, तर बाकीची मशीन त्याला हाका मारत राहतात. नेटवर्कवर उत्तर न आल्यास लगेच हार मानायची नाही, थोडे थांबून पुन्हा विचारायचे, असाच नियम आहे. आणि तो योग्य आहे, कारण खराब वायरवरही काम चालू राहते ते त्याच्यामुळेच. मात्र समोरचे मशीन मुळात बंदच असेल, तेव्हा या प्रतीक्षेत वीसेक सेकंदसुद्धा जाऊ शकतात. शनिवारी मुख्य मशीन बंद असताना सगळ्यांची तक्रार वाढते आणि सोमवारी आपोआप थांबते, असे दिसत असेल, तर वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

उपाय साधा आहे. ‘धिस पीसी’मध्ये जाऊन वापरात नसलेली नेटवर्क ड्राइव्ह राइट क्लिक करून ‘डिस्कनेक्ट’ करावी. डाव्या बाजूला पिन केलेल्या यादीत जुन्या पेन ड्राइव्हचे, काढून टाकलेल्या डिस्कचे किंवा बंद झालेल्या मशीनचे फोल्डर असतील, तर ते अनपिन करावेत. त्यानंतर ‘फोल्डर ऑप्शन्स’मध्ये ‘ओपन फाईल एक्सप्लोरर टू’ या ठिकाणी ‘धिस पीसी’ निवडावे आणि खालच्या प्रायव्हसी भागातील ‘क्लिअर’ बटण दाबावे. त्याने फक्त अलीकडच्या फायलींची यादी पुसली जाते. मूळ फाईल एकही जात नाही.

## एकाच फोल्डरमध्ये शिरल्यावर अडकत असेल तर

लग्नसराई संपल्यावर एखाद्या स्टुडिओच्या डिस्कवर काय असते, ते डोळ्यांसमोर आणावे : हजारो फोटो, कॅमेऱ्याच्या मूळ रॉ फायली, मोठाले व्हिडिओ आणि अल्बमची डिझाइन. एक्सप्लोरर प्रत्येक फाईलचे छोटे चित्र, म्हणजे थंबनेल, तयार करू पाहतो आणि फोटो केव्हा काढला, व्हिडिओ किती मिनिटांचा आहे ही माहितीही प्रत्येक फाईलच्या आत डोकावून वाचतो.

इथे थोडे गणित करावे लागेल. फिरत्या चकतीची साधी हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद जातात, आणि सुई त्या रेषेवर न्यायला साधारण ८ ते १० मिलिसेकंद आणखी लागतात. एका विखुरलेल्या वाचनाला १२ ते १४ मिलिसेकंद धरले, तर हजार फायलींमध्ये एकेकदा डोकावायला बारा-चौदा सेकंद होतात. एसएसडी, म्हणजे चकतीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क, हिच्यात फिरणारे काही नसल्यामुळे हाच खर्च नगण्य होतो. म्हणून फोटोंच्या कामासाठी नवे मशीन घेण्याआधी जुन्यात एसएसडी बसवणे हा खरोखर फरक पाडणारा खर्च आहे.

खर्च न करता करता येण्याजोगा उपायही आहे. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ आणि त्यातील ‘कस्टमाइज’ या भागात जावे, आणि ‘ऑप्टिमाइझ धिस फोल्डर फॉर’ या ठिकाणी ‘जनरल आयटेम्स’ निवडावे. आतल्या फायली पाहून विंडोज पुष्कळदा स्वतःच एखाद्या फोल्डरला चित्रांचा किंवा व्हिडिओचा फोल्डर ठरवते आणि मग त्या प्रकारची माहिती गोळा करत बसते. डाउनलोड्सचा फोल्डर वर्षानुवर्षे भरत गेलेला असेल आणि तो उघडताना वेळ लागत असेल, तर हा बदल सर्वांत आधी करून पाहावा. थंबनेलची गरज नसलेल्या कार्यालयात ‘ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स’ हा पर्याय चालू करता येतो. उजवीकडे फाईलचा मजकूर दाखवणारी प्रिव्ह्यूची पट्टी ऑल्ट आणि पी दाबून बंद करता येते.

कधी कधी कारण एकच फाईल असते : अर्धवट कॉपी झालेला व्हिडिओ किंवा बिघडलेले डिझाइन. निम्म्या फायली दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवाव्यात, अडथळा कोणत्या निम्म्यात गेला ते पाहावे, त्याचे पुन्हा दोन भाग करावेत. हजार फायलींमधली एक दोषी फाईल अशा दहा वाटण्यांत हाती लागते. आणि फायलींवर ढगाचे चिन्ह दिसत असेल, तर त्या प्रत्यक्षात डिस्कवर नाहीत, वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरील साठ्यात आहेत. उघडताना लागणारा वेळ हा इंटरनेटचा वेळ आहे.

## राइट क्लिक केल्यावर अडकत असेल तर

हे कारण सर्वांत कमी माहीत असलेले आणि माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. आपण एखादे सॉफ्टवेअर टाकतो तेव्हा ते बऱ्याचदा एक्सप्लोररमध्ये स्वतःचा छोटा भाग बसवते. राइट क्लिकच्या यादीत दिसणारे ‘झिप करा’, ‘स्कॅन करा’, ‘पीडीएफमध्ये बदला’ असे पर्याय त्यातूनच येतात. या जोडभागांना शेल एक्सटेन्शन म्हणतात. राइट क्लिकच्या यादीसाठीचे बहुतेक जुने जोडभाग एक्सप्लोररच्या पोटात शिरून चालतात. त्यामुळे त्यांतला एक जरी रेंगाळला, तरी दोष एक्सप्लोररच्या माथी येतो. यादी दाखवण्यापूर्वी प्रत्येक जोडभागाला ‘या फाईलसाठी तुझ्याकडे काय आहे’ असे विचारले जाते, आणि शेवटच्याचे उत्तर येईपर्यंत यादी उमटत नाही.

उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमधील मशीनवर कॅडची दोन सॉफ्टवेअर, जुना प्रिंटर, दोन झिपची साधने, पीडीएफची तीन आणि कधीकाळी टाकलेला मोबाइलचा सूट असे सगळे एकत्र नांदत असते. कित्येक प्रोग्राम काढून टाकल्यानंतरही त्यांचे जोडभाग नोंदीत राहून जातात. फाईलच्या चिन्हावर हिरवी बरोबरची खूण किंवा ढग काढणारे जोडभागही याच जातीचे. पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक फाईलसाठी त्यांना विचारावे लागते.

विंडोज ११ मध्ये याची एक सोपी चाचणी आहे. नवी, आटोपशीर यादी चटकन उघडते, पण ‘शो मोअर ऑप्शन्स’ दाबल्यावर थांबा येतो, असे होत असेल तर दोष जवळजवळ निश्चितपणे जुन्या पद्धतीच्या एखाद्या जोडभागात आहे. तो शोधण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातील ऑटोरन्स हे मोफत साधन चांगले आहे. ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावे, मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या नोंदी लपवण्याचा पर्याय निवडावा, ‘एक्सप्लोरर’ हा भाग उघडावा आणि उरलेल्या नोंदींपैकी निम्म्यांची खूण काढून एक्सप्लोरर नव्याने सुरू करावा. फोटोंच्या फोल्डरसाठी वापरलेली निम्म्या-निम्म्याची रीत इथेही लागू पडते. खूण काढणे म्हणजे पुसणे नव्हे. ती परत लावता येते. ‘डिलीट’ मात्र दाबू नये.

## पडून राहिल्यानंतरच्या पहिल्या क्लिकला अडकत असेल तर

हे बहुधा बिघाडाचे लक्षण नसते. वीज वाचवण्यासाठी विंडोज काही वेळ न वापरलेली हार्ड डिस्क थांबवते, आणि थांबलेली चकती पुन्हा पूर्ण वेगाने फिरायला काही सेकंद घेते. ‘पॉवर ऑप्शन्स’च्या प्रगत भागात ‘टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर’ ही मुदत वाढवता येते. बाहेरून यूएसबीने जोडलेल्या पुष्कळ डिस्कमध्ये झोपण्याचा निर्णय त्यांच्या स्वतःच्या सर्किटचा असतो. तिथे ही मुदत चालत नाही. बॅकअपची डिस्क काम झाल्यावर ‘इजेक्ट’ करून काढून ठेवावी, म्हणजे हा प्रश्नही मिटतो आणि बॅकअपही सुरक्षित राहतो.

## कुठेही, कधीही अडकत असेल तर आधी बॅकअप घ्यावा

आतापर्यंतची कारणे त्रासदायक होती, धोक्याची नव्हती. हे मात्र धोक्याचे आहे. डिस्कच्या एखाद्या भागातील माहिती वाचता येईनाशी होते, तेव्हा डिस्क लगेच चूक कबूल करत नाही. तोच भाग पुन्हा पुन्हा वाचून पाहते. यात काही सेकंद जातात, कधी त्याहून पुष्कळ जास्त. शेवटी वाचन जमले, तर वापरणाऱ्याला दिसतो तो फक्त एक छोटा थांबा. पावसाळ्यात वीज वारंवार ये-जा करते त्या भागात, आणि यूपीएस नसलेल्या मशीनवर, या शक्यतेकडे विशेष लक्ष द्यावे, कारण लिहिता लिहिता वीज गेल्याने फायलींची रचनाही बिघडू शकते.

दोन ठिकाणी पाहावे. पहिले, टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच्या पानावरील ‘अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम’. फारसे काम चालू नसतानाही हा आकडा वारंवार काही शे किंवा हजार मिलिसेकंदांवर उसळत असेल, तर संशयाला जागा आहे. दुसरे, ‘इव्हेंट व्ह्यूअर’मधील सिस्टिमची नोंदवही. त्यात ‘डिस्क’ या नावाने क्रमांक ७ ची नोंद असेल, तर खराब भाग सापडलेला आहे. क्रमांक १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावे लागले. आणि १२९ म्हणजे डिस्ककडून उत्तर न आल्याने तिचा संपर्क नव्याने जोडावा लागला. शेवटच्या दोन नोंदी सैल झालेल्या किंवा खराब केबलमुळेही येऊ शकतात, त्यामुळे नवी डिस्क घेण्यापूर्वी केबल बदलून पाहावी. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन डिस्कची स्वतःची आरोग्य-नोंद दाखवते. त्यात खराब ठरवून बदललेल्या किंवा निर्णय बाकी असलेल्या सेक्टरांची, म्हणजे डिस्कच्या छोट्या कप्प्यांची, संख्या वाढत चाललेली दिसली, तर डिस्क बदलणे हाच मार्ग.

इथे क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी महत्त्वाच्या फायली दुसऱ्या डिस्कवर घ्याव्यात, मग बाकीच्या चाचण्या. विंडोजमधल्या चेकडिस्क या साधनाची खराब भाग शोधणारी तपासणी सगळी डिस्क कानाकोपऱ्यापर्यंत वाचून काढते, आणि मरणपंथाला लागलेल्या डिस्कला तेवढा ताण शेवटचा ठरू शकतो. हिशेब, कागदपत्रे, मुलांचे फोटो दुसऱ्या जागी सुरक्षित झाल्याशिवाय तिला हात लावू देऊ नये.

## ‘फॉरमॅट मारल्यावर थांबले’, असा अनुभव सांगतात त्याचे काय?

तो अनुभव खोटा नाही. विंडोज नव्याने टाकले की जुने जोडभाग, मेलेल्या नेटवर्क ड्राइव्ह, साठलेल्या याद्या असे सगळेच एका झटक्यात जाते. पण कारण कोणते होते ते कळलेले नसते. मग तीच सॉफ्टवेअर पुन्हा टाकली जातात, तीच ड्राइव्ह पुन्हा जोडली जाते आणि काही महिन्यांत थांबा परत येतो. डिस्कच खराब असेल, तर फॉरमॅटने काही दिवस लक्षण झाकले जाते आणि बॅकअपची संधी हातची जाते. फॉरमॅटऐवजी विंडोजमध्ये एक नवे यूजर खाते उघडून त्यात काम करून पाहावे. तिथे थांबा आला नाही, तर दोष आपल्या खात्याच्या मांडणीत आहे. आला, तर तो सर्वांना समान असलेल्या जोडभागांत, ड्रायव्हरमध्ये (यंत्राचे भाग चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) किंवा डिस्कमध्ये आहे.

रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या मांडणीची अंतर्गत नोंदवही, साफ करून वेग वाढवण्याचे आश्वासन देणारी साधने वापरू नयेत. मायक्रोसॉफ्ट स्वतः अशा साधनांना पाठिंबा देत नाही, आणि मुळात वाट पाहण्याच्या दुखण्यावर सफाई हे औषधच नाही.

## अँटिव्हायरस बंद ठेवावा का?

फाईल उघडताना अँटिव्हायरस ती तपासतो आणि तेवढा वेळ लागतो, हे खरे आहे. मोठमोठ्या इन्स्टॉलर फायलींनी भरलेल्या फोल्डरमध्ये तो जाणवतोही. तरीही तो बंद ठेवणे हा उपाय नव्हे. तपासायचे ते हे की एकाच मशीनवर दोन कंपन्यांचे अँटिव्हायरस चालू आहेत का, किंवा मुदत संपलेला एखादा अर्धवट उरला आहे का. एकच ठेवावा, दुसरा त्या कंपनीच्या स्वतःच्या काढण्याच्या साधनाने काढावा. व्हायरसमुळेच हे होते का, अशी शंका असेल, तर पूर्ण स्कॅन एकदा करून घ्यावा. परंतु एकाच कृतीनंतर, तेवढ्याच वेळापुरता येणारा थांबा सहसा व्हायरसचा नसतो.

## दुरुस्तीला द्यायचे ठरवल्यास

राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत दुकानात मशीन नेताना नुसते ‘हँग होतो’ एवढे सांगितले, तर दुकानदारालाही अंदाजानेच चालावे लागते. कोणत्या कृतीनंतर थांबा येतो, किती सेकंद टिकतो, त्या वेळी सीपीयू आणि डिस्कचे आकडे काय होते, शेअर केलेली ड्राइव्ह जोडलेली आहे का, आणि हे सुरू होण्याच्या सुमारास कोणते सॉफ्टवेअर टाकले होते, एवढे एका कागदावर लिहून द्यावे. सोबत बॅकअप झाला आहे की नाही, हेही लिहावे; नसेल, तर आपल्याला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये, असे त्याच कागदावर स्पष्टपणे नोंदवावे.